'गुणवत्ता नियंत्रण' : आवरायचं नेमकं काय?

प्रश्न असा आहे : प्रदूषण नियंत्रण म्हणजे प्रदूषण आवरणं, मग 'गुणवत्ता नियंत्रण' म्हणजे गुणवत्ता आवरायची का? सरळ 'गुणवत्ता तपासणी' का म्हणू नये?

गफलत समास सोडवण्यात आहे. 'प्रदूषण नियंत्रण' ही षष्ठी, म्हणजे प्रदूषणाचं नियंत्रण. इथे मात्र 'पोळपाट'सारखी (पोळीसाठी पाट) चतुर्थी, म्हणजे गुणवत्तेसाठी नियंत्रण. आवरायचा असतो तो मालातला चढउतार. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन टेलिफोन-उपकरण कंपनीतल्या वॉल्टर शूहार्टने मे १९२४ मध्ये पहिला नियंत्रण आलेख (कंट्रोल चार्ट) काढला तो याचसाठी.

निव्वळ तपासणीने भागत नाही हे दुसऱ्या महायुद्धात फार कळलं. तोफगोळ्याचा फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) चालतो की नाही हे उडवूनच समजतं. सगळेच उडवले तर आघाडीवर काय धाडणार? मग शितावरून भाताची परीक्षा (शितं पेटीच्या वरच्याच थरातली नकोत!) आणि त्याआधी यंत्रावरच लक्ष. अमेरिकेत १९४१-४२ मध्ये या आलेखांची युद्धमानकं (युद्धकाळासाठीचे प्रमाण नियम) निघाली, १९४२ पासून स्टॅनफर्डमध्ये कारखान्यांतल्या लोकांचे वर्ग भरले. शिकवणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ डेमिंग होते. अशा वर्गांतून तयार झालेल्या मंडळींच्या गटांतूनच १९४६ मध्ये 'अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी कंट्रोल' उभी राहिली.

आलेखाचं काम असं : दर तासाला लागोपाठचे ५ नग मोजायचे, त्यांची सरासरी आणि पल्ला (सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान) मांडायचा. असे २०-२५ गट झाले की एकूण सरासरीच्या वर-खाली ०.५७७ × सरासरी पल्ला एवढ्या अंतरावर रेषा आखायच्या. पुढे एखाद्या गटाची सरासरी या रेषांबाहेर गेली की यंत्राकडे बघायचं. शाफ्टचा व्यास सरासरी २५.०० मिमी आणि सरासरी पल्ला ०.०४ असेल, तर रेषा २५.०२३ आणि २४.९७७ वर येतात. नेहमीची चूक म्हणजे त्यांच्या जागी ड्रॉइंगवरचा ±०.०५ चा टॉलरन्स (एकेका नगाच्या मापात चालणारा फरक) आखणं. सरासरी २५.०३ वर सरकली तरी आलेख 'ओके' दिसतो, आणि तोवर साधारण आठातला एक नग रिजेक्ट झालेला असतो. दुसरी चूक हाताची : दर नगामागे सेटिंग हलवलं की चढउतार कमी होण्याऐवजी वाढतो. नियंत्रण म्हणायचं ते या हातावरही.

आपल्या कृषी विभागातलं 'निविष्ठा व गुणनियंत्रण' मात्र वेगळं. तिथे बियाण्याचा, खताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात, तो पास किंवा नापास होतो. तिथे तुमचा 'तपासणी' हाच शब्द जास्त नेमका.