मेव्हनच्या (जावा प्रोजेक्ट बिल्ड करायचं टूल) सगळ्या मॉड्यूलमधले कंपाइल झालेले क्लास स्क्रिप्टने कसे मोजायचे? आकडा जावा फायलींशी का जुळत नाही?

जुळणारच नाही, आणि जुळवायच्या फंदातही पडू नका. आमच्या नागपूरच्या आयटी पार्कात क्लासच्या आकड्यावर माणसांचं काम तोलणारे लीड आहेत. "या वेळी कमी काहून झाले?" हा त्यांचा ठरलेला सवाल. त्यांना जे कधी पटलं नाही, ते इथे लिहितो.

समजा कळमना बाजारातल्या आडत्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. त्यात पावतीची जावा फाइल एकच, पण आत एक नेस्टेड (क्लासच्या आतला क्लास) बिल्डर, एक इनम (ठरावीक किमतींची यादी) आणि सॉर्टिंगसाठी अ‍ॅनॉनिमस कंपॅरेटर (क्रम ठरवणारा बिननावाचा क्लास). कंपाइल केलं की चार डॉट क्लास फायली. कंपॅरेटरच्या जागी लॅम्ब्डा (छोटं बिननावाचं फंक्शन) लिहा, तीनच उरतात. लॅम्ब्डाचा क्लास रनटाइमला बनतो, डिस्कवर येत नाही. म्हणजे कोड सुटसुटीत केला की आकडा घटला! उलट दुसऱ्या फाइलमधल्या इनमवर स्विच लिहिला, तर कंपायलर स्वतःहून एक जादा फाइल बनवतो. आता सांगा, काम कोणाचं जास्त?

स्क्रिप्टचं म्हणाल तर आधी क्लीन, मग कंपाइल. क्लीन टाळलंत तर उडवलेल्या सोर्सचे जुने क्लासही मोजले जाऊ शकतात. मग पॉम (मेव्हनची pom.xml फाइल) असलेल्या प्रत्येक फोल्डरवर लूप, आत फक्त टार्गेट/क्लासेसवर फाइंड (फायली शोधणारी कमांड) आणि पुढे डब्ल्यूसी (ओळी मोजणारी). अख्ख्या टार्गेटवर फाइंड चालवलं तर टेस्टचे क्लासही मिसळतात. पॅरेंट मॉड्यूलला टार्गेट/क्लासेस नसतंच, म्हणून फोल्डर आहे का ते आधी तपासा.

खरी गोची डॉलरची: नेस्टेड क्लासच्या फाइलच्या नावात $ असतो. नेस्टेड क्लास गाळायला ग्रेपला (ओळी शोधणारी कमांड) व्ही (जुळणाऱ्या ओळी वगळ) पर्यायासोबत नुसतं डॉलर दिलंत, तर तो त्याचा अर्थ ओळीचा शेवट असा घेतो. शेवट प्रत्येक ओळीला असतोच, त्यामुळे सगळ्याच ओळी गळतात आणि उत्तर शून्य. सोबत एफ (चिन्ह जसंच्या तसं घे) पर्याय द्या, डॉलर सिंगल कोट्समध्ये ठेवा.

हो, मेव्हनऐवजी ग्रेडल हे बिल्ड टूल असेल तर जागा वेगळी: बिल्ड/क्लासेस/जावा/मेन, आणि कोटलिन भाषेतल्या कोडचं त्याच्या शेजारी कोटलिन/मेन. पॅकेज-इन्फो, मॉड्यूल-इन्फो वगळा. लॉम्बॉकचे (कोड आपोआप बनवणारी लायब्ररी) बिल्डर मात्र मोजणीत येतील, सोर्समध्ये दिसत नसले तरी.

कोणी रिपोर्ट मागितलाच तर टॉप-लेव्हल आणि नेस्टेड असे दोन कॉलम द्या. एकच बेरीज दिलीत की ती थेट अप्रेझलच्या शीटमध्ये जाते.