'समप्रमाणात' वाढलं की 'त्या मानाने' वाढलं?

प्रश्न असा आलाय की "मुलाचं वय आणि उंची समप्रमाणात वाढतात" हे वाक्य बरोबर आहे का, आणि नसेल तर मग त्याला व्यस्त प्रमाण म्हणायचं का. दोन्ही नाही.

गडबड त्या 'सम'मुळे होते. आपण सम म्हणजे दोन्ही एकाच दिशेला असं धरून चालतो, हे वाढलं की तेही वाढलं, झालं समप्रमाण. पण इथे सम राहतं ते गुणोत्तर, म्हणजे एक दुप्पट झालं तर दुसरं दुप्पटच, निम्मं तर निम्मं, आणि शून्य तर शून्य. आता 5 वर्षांचं पोर 10 वर्षांचं झालं म्हणून उंची काही डबल होत नाही, आणि वय शून्य असतं तेव्हाही बाळ साधारण 50 सेंटीमीटर असतंच की!

ही शून्याची परीक्षा मला फार आवडते. महिनाभर घर बंद ठेवून गावाला जा, लाइट बिलात स्थिर आकार येतोच, म्हणजे युनिट आणि बिल समप्रमाणात नाहीत. रिक्षा मात्र फसवी आहे. पुण्यात 2022 साली ठरलेला मीटरचा दर होता पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये. मिनिमम भाडं आहे म्हणजे समप्रमाण नाही असं आपण लगेच म्हणून टाकतो, पण हिशोब करून बघा, 3 किलोमीटरला 50.50 आणि 6 ला 101.50, म्हणजे जवळजवळ दुप्पटच. मोडतं ते दीड किलोमीटरच्या आत, चौकापर्यंत गेलात तरी 25च. स्वयंपाकघरातही तेच, वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी, चार वाट्यांना साधारण आठ, पण शिट्ट्या चौपट केल्या तर खिमट होईल.

आता 'व्यस्त'. हल्ली "मी व्यस्त आहे" हे हिंदीतून आलंय, मराठीत कामात गुंतलेला तो व्यग्र. गणितातला व्यस्त म्हणजे उलटा, आणि शब्द जुना आहे, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) व्यस्त त्रैराशिक, म्हणजे तीन दिलेल्या संख्यांवरून चौथी काढायची उलट्या प्रमाणाची रीत, आहेच. पण नुसतं एक वाढलं आणि दुसरं घटलं एवढ्याने भागत नाही, गुणाकार कायम राहायला हवा. 4 मजुरांना 6 दिवस तर 8 मजुरांना 3, दोन्हीकडे 24. मोबाइल वापराल तशी बॅटरी उतरते, पण म्हणून ते व्यस्त प्रमाण होत नाही.

मग उंचीचं काय लिहायचं? "जसजसं वय वाढतं तसतशी उंची वाढते" लिहा की सरळ, 'जसजसं-तसतसं' फक्त दिशा सांगतं, किती पट ते सांगतच नाही. आणि तुलना करायची असेल तर 'मानाने' आहे. "वयाच्या मानाने उंच आहे हो" असं आज्या म्हणतात, समप्रमाणात उंच असं कोणी म्हणत नाही.

उलट बाजारातला 'प्रमाणे' चांगला कडक आहे. "40 रुपये किलोप्रमाणे" म्हटलं की अडीच किलोचे 100 झाले. आता भाजीवाली मावशी "घ्या ताई, 90 द्या" म्हणाली तर समप्रमाण गेलं, पण तेवढ्यासाठी तिला दुरुस्त करायला जाऊ नका.