कानाला मशीन असलेला मुलगा वर्गात आला की

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तिसरीतल्या त्या मुलाला पहिल्या बाकावर बसवलंस, पण तिथून त्याला फक्त तूच दिसतेस. मागं कोण काय बोललं ते कळत नाही, मग सगळे हसले की तोही उगाच हसतो. त्याला दुसऱ्या ओळीत कडेला बसव, बरं ऐकू येणारा कान वर्गाकडं करून. उजेडाची खिडकी तुझ्या पाठीमागं नको, ओठ दिसत नाहीत.

रोज परिपाठाआधी मशीन तपास. त्याच्या मागं हातभर अंतरावर उभी राहा आणि नेहमीच्या आवाजात आ, ई, ऊ, श, स, म हे सहा आवाज एकेक करून काढ. ऐकू आला की त्यानं डब्यात खडा टाकायचा. एका लयीत म्हणालीस तर पोरगं अंदाजानं खडा टाकतं, म्हणून मधे कमीजास्त थांब. काल आलेला ‘स’ आज चुकला तर आधी सेल बघ, मग साच्याच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या भागाच्या, भोकातला मळ. नव्या सेलचा स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू दे, मगच आत बसव. मशीनमधून शिट्टी वाजत असेल तर साचा नीट बसलेला नसतो, किंवा कान वाढून तो सैल झालेला असतो. तेव्हा आवाज कमी करून शिट्टी थांबवतात, ते अगदी चूक. मशीन नावालाच उरतं. साचा सैल झाला असेल तर नवा लागतो. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना लगेच कळव.

फळ्यावर लिही, वळ, मग बोल. ओरडू नकोस. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मशीन पावसाचाच आवाज वाढवतं, तेवढा वेळ लेखी काम दे. ‘बाळ’ आणि ‘माळ’ ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून श्रुतलेखनात सुटा शब्द न देता वाक्य दे. आणि ‘कळलं का?’ विचारूच नकोस, मान हलतेच. ‘आता काय करायचं, सांग’ म्हण.

‘मूकबधिर शाळेत घाला’ असं कुणी म्हणेल. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क 2016च्या कायद्यानं दिलाय. निवड घरच्यांची, आपली नाही.

बीडमधल्या धारूरकडच्या मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. त्याचे आईवडील जाणार असतील तर पोरगं मागं राहणार की फडावर जाणार, हे आत्ताच विचार. आजीपाशी राहणार असेल तर सेल बदलणं आजीच्या हातून करून घे. रात्री सेल काढून मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, हेही तिला दाखव.