मोबदला उचलला तर भांडता येतं का?

प्रश्न : वकीलसाहेब, रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. त्यातली सव्वा एकर कालव्यात गेली. निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची, नोटीस आली, पण दर कमी धरलाय आणि विहीर मोजलीच नाही. भाऊबंद म्हणतात, पैसे उचलले की बोलायची सोय राहत नाही. खरं का?

उत्तर : भाऊ, अर्धं खरं. पैसे उचला, पण ‘हरकत राखून स्वीकारले’ असं लेखी देऊनच. मुकाट घेतले, तर २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार वाढीव मागणीचा हक्क जातो. हरकत नोंदवून झाली, की मोबदला वाढवून मागायला त्याच कायद्याच्या कलम ६४खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मुदत अशी : निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर त्या दिवसापासून सहा आठवडे. नसाल, तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, जे आधी संपेल ते. केळीची कापणी उरकू द्या म्हणून थांबू नका.

दरासाठी आजूबाजूची मागच्या तीन वर्षांची खरेदीखतं काढा. त्यातल्या चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात. मुद्रांक वाचवायला खतात आकडा कमी लिहायची आपली खोड इथे अंगाशी येते. विहिरीसाठी कृषिपंपाची वीजबिलं आणि संयुक्त मोजणीचा नकाशा जोडा. विहीर, पाइपलाइन, झाडं यांची किंमत जमिनीच्या मोबदल्यात मिळवून त्या बेरजेवर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीनं घेतल्याबद्दलची जादा भरपाई, मिळते. म्हणजे विहीर मोजायची राहिली, की तिच्या किमतीच्या दुप्पट नुकसान.

राष्ट्रीय महामार्गात जमीन गेलेल्यांनी हा कलम ६४चा मार्ग धरू नये. तिथे दाद लवादाकडे, म्हणजे वाद मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, मागावी लागते.