गाळा विकू नका, परीक्षा थांबवा

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीए फाउंडेशनला दोनदा नापास झाला. आता म्हणतो, आपलं किराणा दुकानच चालवतो, डी-मार्टवाल्या दमाणींनीही कॉलेज सोडलं होतं. इथे डी-मार्ट आल्यापासून दुकानात काही राम उरलेला नाही. गाळा विकून त्याला पुण्याला क्लासला ठेवू का?
– एक वडील, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या चार पानी पत्रात दहावी-बारावीचे टक्के आहेत, क्लासची फी आहे, मेहुण्यांचा मुलगा सीए झाला हेही आहे. तुमचा मुलगा दुकानात काय करतो ते मात्र एका ओळीत उरकलंत : ‘सुट्टीत बसतो, हिशेब चोख ठेवतो, पण त्याचा काय उपयोग?’ मला काळजी वाटली ती या ओळीची. ज्या दुकानावर घर उभं राहिलं, त्याच्या गल्ल्यावर मुलगा बसला तर नातेवाइकांत मान खाली जाईल, असं तुम्ही दोनदा लिहिलंय. पोरगं हे घरात रोज ऐकत असणार. मेहुण्यांना उत्तर द्यायला कुणी सीए होत नाही. तिसऱ्यांदा बसवू नका.

बी.कॉम. मात्र त्याने पुरं करायचंच. पुढे वाटलं तर एमबीएची सीईटी आहेच.

आता दमाणींबद्दल, आणि हे मुलाला वाचून दाखवा. राधाकिशन दमाणींनी बी.कॉम. अर्धवट सोडलं, हे खरं. पण 2002 साली पवईत पहिलं डी-मार्ट उघडण्याआधी त्यांची कितीतरी वर्षं शेअर बाजारात कंपन्यांचे ताळेबंद वाचण्यात गेली होती. किराण्याचा धंदा समजून घ्यायला त्यांनी नेरुळला ‘अपना बाजार’ या सहकारी भांडाराची फ्रँचायझी चालवली. 2004 मध्ये हिंदुस्थान लिव्हरमधून (आताची हिंदुस्थान युनिलिव्हर) नेव्हिल नोरोन्हांना कारभार सांभाळायला आणलं. कॉलेज सोडणं तेवढं उचलायचं आणि हे शिकणं वगळायचं, असं चालत नाही बाळा.

आणि वडिलांनो, ज्या डी-मार्टला तुम्ही घाबरता त्याने केलं काय? जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घेतली. पुरवठादारांचे पैसे थोड्या दिवसांत चुकते करून भाव पाडून घेतला. झटपट खपेल तोच माल ठेवला. पहिल्या काही वर्षांत दुकानं मोजकीच. त्याच काळात ‘सुभिक्षा’ या किराणा दुकानांच्या साखळीने देशभर हजाराहून जास्त दुकानं थाटली आणि 2009 मध्ये सगळा डोलारा कोसळला. स्वतःच्या गाळ्यात बसून रोखीने माल उचलणारा जुना वाणी यापेक्षा वेगळं काय करायचा? आणि तुम्ही नेमका गाळाच विकायला निघालात!

पाकीटबंद मालात त्यांच्या भावाशी झुंजू नका, हराल. सहा महिने खरेदी मुलाला करू द्या, उधारीची वहीही त्याच्याकडे द्या. कोणता माल महिना-महिना फळीवर पडून राहतो आणि कुणाची उधारी वर्षभर थकलीय, याची यादी त्याने स्वतः करून मला पाठवावी. तोवर मेहुण्यांकडे जेवायला गेलात तरी हा विषय काढू नका.