नऊ वर्षांचा रॅपर आणि त्याचा बाप

दादा, तुझ्या पोराचा रॅपचा व्हिडिओ बघितला. ताल पक्का आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण त्या ओळी कोणी लिहून दिल्या? नऊ वर्षांचं पोर बंदूक नि पोरींबद्दल बोलतंय, खाली लोक हसतायत. त्याला त्याच्या चाळीतल्या पाण्याच्या रांगेवर लिहू दे, शाळेच्या डब्यावर लिहू दे. यमक चुकलं तरी चालेल.

मी धारावी-सायनकडच्या सायफरला, म्हणजे पोरं गोल करून आळीपाळीने रॅप करतात तिथे, बरीच वर्षं जातोय. एकदा रात्री साडेअकराला एक चिमुरडा स्पीकरच्या खोक्यावरच झोपलेला बघितला. नंबर आला तसा बापाने उठवून हातात माईक दिला. पोराचा घसा बसलेला, तरी ओरडत होता. बसलेला घसा म्हणजे सुट्टी, एवढं लक्षात ठेव.

आता कुणी पैसे देऊन बोलावलं तर २०१७ चे बालकामगार नियम विचार. बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती हवीच. कमाईतले किमान २० टक्के पोराच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. बाकीचेही टाक, घर तू चालव. करारावर सही तुझीच लागेल, म्हणून वकिलाला दाखवल्याशिवाय करू नकोस.

आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटेल. तेव्हा ‘छोटा’ म्हणून बोलावणारे फोन करणार नाहीत. शाळा सोडवू नकोस रे.