‘सगळा खर्च आम्हीच करतो’

मागच्या महिन्यात एका वडिलांचा फोन आला. मुलीचं मोठ्या घरातल्या मुलाशी जमलंय. माणसं चांगली आहेत, हुंड्याचं नाव काढत नाहीत, उलट लग्नाचा सगळा खर्च आम्हीच करतो म्हणतात. “सगळं चांगलंच आहे ओ मॅडम, पण रात्री झोप लागत नाही. आमचंच काही चुकतंय का?”

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून सारखा येतो. समोरच्यांचा विरोध असला की काय करायचं ते माणसाला कळतं. होकार मिळूनही छातीवर दडपण आलं, तर ते सांगायचीच लाज वाटते. त्या वडिलांशी मी जे बोलले, ते मला दोन वर्षांपूर्वी दोन घरांनी शिकवलं होतं. त्यांना विचारूनच लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भाग्यश्री बी. कॉम. झालेली, एका सूत व्यापाऱ्याकडे हिशोब बघायची. विनायकचा टॉवेलचा कारखाना, वडिलांनी उभा केलेला. सुताच्या बिलांसाठी येता-जाता दोघांचं जमलं. तीन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. दोन्ही घरं पद्मशाली, घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी बोलणारी. जात एकच, त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की आता अडचण कसली! पण सोलापुरात एकाच समाजात मागाचा मालकही असतो आणि त्याच मागावर बारा तास उभा राहणाराही असतो. भाग्यश्रीचे वडील मागावर उभे राहणारे. मालक आणि कामगार, माझ्या मते ही जातच आहे, फक्त दाखल्यावर लिहीत नाहीत. तिची आई सोलापूरजवळच्या कुंभारीला राहते, बिडी कामगार बायकांसाठी बांधलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. तिथली दहा हजार घरं २००६ मध्ये या बायकांच्या ताब्यात आली. त्यातलं एक घर तिचं. तिथे ती बिड्या वळते.

माझ्याकडे आले तेव्हा विनायक वैतागलेला होता. “मॅडम, आमच्या घरात सगळे हो म्हणतायत. आता हीच लग्न मोडू म्हणतीय. मी काय करू सांगा की.”

भाग्यश्री त्याच्यासमोर बोलेना. त्याला बाहेर बसवलं, तेव्हा तिने बोटं मोजत सांगितलं. आधी साड्या आल्या. मग निरोप आला, हॉल आम्ही बघतो. मग दागिने. मग विनायकच्या आईने सुचवलं की जुळे सोलापुरात फ्लॅट भाड्याने घेऊन देतो, लग्नाआधी तुमच्या आईवडिलांनी तिथे राहायला यावं, पाहुण्यांना कुंभारी लांब पडतं. आणि शेवटी, अम्माने आता बिड्या बंद कराव्यात, दर महिन्याला पैसे आम्ही पोचते करू.

“त्या रात्री अम्मा जेवली नाही. मला म्हणाली, तू सुखात राहा, पण मी काही तुझ्या घरी पाऊल टाकणार नाही.”

मी विनायकच्या आईशीही बोलले. त्या बाईंच्या मनात पाप नव्हतं. तंबाखूच्या धुळीने छाती खराब होते हे त्यांना माहीत होतं, विहिणीचा जीव वाचावा असंच त्यांना वाटत होतं. पण समोरच्याला विचारायचं असतं, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. देणाऱ्याला आपण देतोय एवढंच दिसतं. घेणाऱ्याला आपलं काय जातंय ते दिसतं.

मग मी कुंभारीला गेले. एरवी मी कुणाच्या घरी जात नाही, पण ही आई माझ्या खोलीत बोलणार नाही हे कळत होतं. ती दारात मांडीवर सूप घेऊन बसली होती. भिजवून मऊ केलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवायचं, कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांनी वळायचं, टोकं नखाने आत मुडपायची आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे. माझ्याशी बोलताना तिने एकदाही हाताकडे पाहिलं नाही. पंचवीस बिड्यांचा कट्टा बांधून झाला की तो बाजूला ठेवायची आणि पुन्हा पान घ्यायची.

“मॅडम, माझा पीएफ कटतोय. आधीच्या कारखान्याने कित्येक वर्षं नावच लावलं नव्हतं. कागदावर आता आठ झाली. दहा पुरी झाली की अठ्ठावन्नला पेन्शन बसतंय. हे त्यांना ठाऊक हाय का?”

त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. या पेन्शनची किमान रक्कम महिन्याला १,००० रुपये. विनायकच्या घरात एका वेळच्या मिठाईवर तेवढे जात असतील. पण ते हजार रुपये तिच्या नावावर येणार होते, कुणाच्या मेहरबानीने नव्हे. भाग्यश्रीला शाळेत असताना बिडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती मिळाली, तीही याच बाईच्या ओळखपत्रावर. तिला बिड्या बंद करा म्हणणं म्हणजे तुमच्या मुलीला ज्या हातांनी मोठं केलं ते हात आता झाका, असं सांगणं होतं.

जानेवारी होता. सिद्धेश्वराची यात्रा नुकतीच झाली होती, गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, अजून उठला नव्हता. ती आपण होऊनच म्हणाली, “दरवर्षी कुंभाराच्या पोरीच्या लग्नात अख्खं गाव अक्षता टाकतंय. तिच्या बापाला कुणी म्हटलं का, आधी चाक सोड, मग लग्न लावू?”

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, सात नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त. मी लहानपणापासून त्या गर्दीत अक्षता टाकत आलेय. तिने लावला तो अर्थ मला कधी सुचला नव्हता.

पुढच्या आठवड्यात दोन्हीकडचे वडील एकत्र आले. मालक, म्हणजे विनायकचे वडील, आधी येऊन बसले. भाग्यश्रीचे वडील आले ते दाराशीच उभे राहिले, चपला हातात. मी बसा म्हटलं. ते मालकांकडे बघत राहिले. मालक मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, “बस रे, बस.” तेव्हा ते बसले, खुर्चीच्या कडेवर.

बोलण्याच्या ओघात मालक म्हणाले, “आपलं जुनं नातं आहे मॅडम. हा आमच्याकडेच कामाला होता. उचल घेतली होती बायकोच्या ऑपरेशनला. मी तर ती कधीच माफ केली मनातून.”

भाग्यश्रीच्या वडिलांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडीची एक वही. उचल १२,००० रुपये, आठवड्याला ३०० ची कपात, चाळीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे दिवाणजींची सही. शेवटच्या ओळीखाली लाल शाईत ‘नील’. ही वही ते रोज खिशात घालून फिरत नसणार. त्या दिवशी तिची गरज पडेल हे त्यांनी घरूनच ओळखलं होतं.

“मालक, माफ करायला काही उरलंच नव्हतं ओ,” एवढंच बोलले.

मालकांनी वही हातात घेतली, चाळीसही ओळी वाचल्या आणि बराच वेळ गप्प राहिले. मग मी त्यांना विचारलं, तुम्ही यांना ‘रे’ म्हणता आणि हे तुम्हाला ‘मालक’, उद्या मांडवात काय म्हणणार? मालक म्हणाले, सवय आहे हो, मनात काही नसतं. मी म्हटलं, मनात काही नाही हे मला पटतं. पण तुमची सून रोज तुमच्या ताटात वाढणार आहे. तिच्यासमोर तिच्या बापाला ‘रे’ म्हटलेलं ती रोज ऐकणार आहे.

त्यानंतरच्या दोन बैठका आम्ही निव्वळ पैशावर घालवल्या. प्रेमात पडलेल्या मुलांना आकड्यांची फार लाज वाटते, आणि ती लाजच पुढे महागात पडते. आधी मी एक पाया मान्य करून घेतला, की लग्न ज्याचा खिसा लहान त्याच्या मापाने ठरेल. भाग्यश्रीच्या वडिलांनी १,२०,००० रुपये बाजूला टाकले होते. विनायककडूनही तेवढेच. त्यात दोनशे माणसांचं लग्न बसतं, बसवलं. मालक यावर चिडले, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. “चारशे व्यापाऱ्यांची लग्नं मी खाल्लीत. बाजारात तोंड कसं दाखवू?” त्यावर विनायकनेच तोड काढली. व्यापाऱ्यांचं जेवण महिन्याभराने, मालकांच्या नावाने, मालकांच्या खर्चाने. त्यात भाग्यश्रीचे आईवडील पाहुणे म्हणून येतील.

दागिने भाग्यश्रीच्या नावाने, यादी करून, दोन्हीकडच्या सह्यांनी. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, आणि लग्नातल्या भेटींची लेखी यादी ठेवायचा नियम १९८५ पासून आहे. अशी यादी करणारं घर मी क्वचितच पाहिलंय. भाग्यश्रीची नोकरी चालू राहील आणि पगारातले ५,००० ती घरी देईल, हे तिने सासूबाईंच्या तोंडावर सांगितलं. सांगताना तिचा आवाज कापत होता. चोरून दिलेले पाचशेसुद्धा पुढे भांडणाचं मूळ होतात, म्हणून हे लग्नाआधीच बोलून टाकायचा माझा हट्ट होता. फ्लॅटचा विषय मालकांनी स्वतःच सोडला. वरात कुंभारीला जाईल, लांब पडलं तर पडलं, असं म्हणाले.

त्या फोनवरच्या वडिलांना मी एवढंच सांगितलं. तुमची झोप उडाली हे बरोबरच आहे, तुमचं काही चुकत नाही. व्याह्यांना एकदा शांतपणे विचारा, ‘अर्धा खर्च आम्ही आमच्या ऐपतीने करणार आणि लग्न त्यात बसेल एवढंच होणार, चालेल का?’ त्यांना राग आला तरी घाबरू नका, मालकांनाही आला होता. राग आल्यावर माणूस पुन्हा बोलायला बसतो का, ते बघा. ‘आम्ही देतोय ना, मग तुम्हाला काय त्रास’ यावरच गाडी अडली, तर तारीख पुढे ढकला. मुलीला नाही म्हणू नका, फक्त थांबा म्हणा. आणि तुमच्या घरातली कुठली गोष्ट लपवावीशी वाटतेय ते स्वतःला विचारा. काम, घर, कर्ज, काहीही असेल. ती आधी सांगून टाका. लपवलेली गोष्ट मुलीला तिकडे आयुष्यभर सांभाळत बसावी लागते.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. भाग्यश्रीच्या वडिलांच्या तोंडात अजून ‘मालक’च येतं. मालक मात्र ‘बसा’ म्हणायला लागलेत, कधी कधी ‘बस’पर्यंत येऊन थांबतात आणि पुढचा ‘सा’ जोडतात. सासूबाईंना कुंभारीला जायला आठ महिने लागले. दिवाळीनंतर गेल्या तेव्हा भाग्यश्री सोबत होती, तिनेच मला सांगितलं. अम्माने सूप उचलून आत ठेवलं नाही. विहीणबाई पलंगावर बसल्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, तंबाखूच्या वासाने दोनदा खोकल्या. मग सुपाकडे बघत विचारलं, “दिवसाला हजार होतात का ओ?”

“व्हायच्या. आता सातशे होतात. डोळ्याला कमी दिसतंय.”

“मग चष्मा?”

“लेकीने करून दिलाय,” अम्मा म्हणाली, आणि कनवटीचा चष्मा काढून डोळ्याला लावला.